न पुसलेले कुंकू : पार्वतीबाई पेशवे यांचा विवाह आणि मराठी इतिहासकथन

सरंजामी व्यवस्थेतील उच्चकुलीन स्त्रीचे चरित्र लिहू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा तिचे विवाहच लागतात. तिच्या जन्माची नोंद क्वचित सापडते, शिक्षणाची जवळजवळ नाहीच. विवाहाबरोबर मात्र जमीन, दागिने, फौज, तह आणि वारसा यांची हालचाल होत असल्यामुळे त्याची नोंद कुणीतरी ठेवलेली असते. युरोपीय मध्ययुगातील सरदारघराण्यांतल्या कित्येक स्त्रिया दोन-दोन, तीन-तीन विवाहांमुळे दप्तरात टिकून राहिल्या, कारण विधवेच्या वाट्याची मालमत्ता दर विवाहागणिक नव्या घराकडे सरकत असे. पेशवाईतील ब्राह्मण स्त्रीला ही वाट बंद होती. तिच्या बाबतीत विवाहांच्या संख्येचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे निराळाच प्रश्न उभा राहतो : एकच विवाह नेमका कुठे संपतो, आणि तो संपला हे ठरविण्याचा अधिकार कुणाचा? सदाशिवरावभाऊंच्या द्वितीय पत्नी पार्वतीबाई यांच्या बाबतीत हा प्रश्न १७६१ पासून १७८३ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे उघडा राहिला. तो उघडा ठेवला त्यांनीच. मराठी इतिहासलेखनाने आणि ललित साहित्याने तो मिटविण्याची जी घाई केली, तिची तपासणी हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

पार्वतीबाई पेणच्या कोल्हटकर घराण्यातील. आज नवी मुंबईतून पनवेल ओलांडून दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला लागणारे हे गाव अठराव्या शतकात बंदर आणि घाट यांच्या मधल्या व्यवहारावर जगत होते. कोकणातील घराण्याची मुलगी पुण्याच्या वाड्यात गेली ती भाऊंच्या प्रथम पत्नी उमाबाई यांच्या निधनानंतर. ज्या घरात त्या गेल्या त्या घरातील वैधव्याचा इतिहास ध्यानात घेतल्याखेरीज पुढील घटनांचा अर्थ लागत नाही. भाऊंचे वडील चिमाजीअप्पा १७४० मध्ये वारले तेव्हा त्यांच्या द्वितीय पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुढे १७७२ मध्ये थोरले माधवराव थेऊर येथे निवर्तले तेव्हा रमाबाई सती गेल्या. या दोन चितांच्या मधोमध पार्वतीबाईंचे आयुष्य पडते. या दोघींच्या मधल्या काळात नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाईही येतात. १७६१ च्या जानेवारीत त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव गेला, जूनमध्ये पती गेले, आणि वैधव्य पत्करून त्या आणखी सत्तावीस वर्षे जगल्या. म्हणजे सहगमन आणि वैधव्य ही दोन्ही उदाहरणे पार्वतीबाईंच्या डोळ्यांसमोर, एकाच छपराखाली होती. त्यांनी यांपैकी एकही स्वीकारले नाही. (विवाह या संस्थेकडे त्याच घरातील पुरुष कोणत्या दृष्टीने पाहत होते, हेही विसरता येत नाही. भाऊंची छावणी पानिपतावर अन्नावाचून कासावीस झाली असताना, डिसेंबर १७६० मध्ये, नानासाहेब पैठण येथे दुसरा विवाह करीत होते.)

१४ जानेवारी १७६१ रोजी काय घडले यापेक्षा काय दिसले, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. मागे राहिली ती रिकामी अंबारी. लांबून पाहणाऱ्या फौजेने त्या रिकामेपणाचा अर्थ लावला, सेनापती पडला असे मानले, आणि लढाईचा निकाल जो काही लागायचा तो लागला. अंबारीत माणूस नसणे हे एक चिन्ह होते. त्याचे वाचन मृत्यू असे झाले, वस्तुतः त्या क्षणी भाऊ जिवंत होते आणि लढत होते. पानिपतच्या कथनाचा आरंभच असा एका चुकीच्या वाचनापासून होतो.

त्यानंतर वार्ता दक्षिणेकडे निघाली. नानासाहेबांच्या हाती पडलेले सावकारी पत्र महाराष्ट्रात अजून तोंडपाठ आहे. त्यात माणसे नाहीत, माल आहे. मोत्ये गळाली, मोहरा गेल्या, खुर्द्याचा हिशेब लागत नाही, असा तो व्यापारी सांकेतिक मजकूर. या पत्राच्या करुण सौंदर्याविषयी पुष्कळ बोलले गेले. त्याच्या तर्काविषयी मात्र कुणी फारसे बोलत नाही. विश्वासरावांचे शव पाहिलेली माणसे होती. भाऊंचा मृत्यू प्रत्यक्ष पाहिल्याचे खात्रीने सांगणारा कुणी परत आला नव्हता. तरीही दोघांना एकाच तराजूत, एकाच उपमेच्या दोन मोत्यांत बसविण्यात आले. जे डोळ्यांना ठरविता आले नव्हते ते रूपकाने ठरवून टाकले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजाने सुमारे दोन दशकांनंतर फारसीत लिहिलेल्या वृत्तान्तात एका मस्तकविहीन देहाची ओळख अंगावरील खुणांवरून पटविल्याचे आणि त्याला अग्नी दिल्याचे सांगितले आहे. इतिहासकारांनी हा पुरावा साधारणतः ग्राह्य धरला, आणि तसे करण्यात गैर काही नाही. मात्र हा पुरावा खुणांचा आहे, चेहऱ्याचा नाही. पुढे याच स्वरूपाच्या खुणा दाखवून एक मनुष्य आपणच भाऊ असल्याचे सांगत उभा राहणार होता.

पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या. मोजक्या विश्वासू माणसांच्या सोबतीने त्या निसटल्या आणि ग्वाल्हेरच्या वाटेने दक्षिणेत परतल्या. त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. कुंकू पुसले नाही, वपन केले नाही. पती परत येतील ही त्यांची श्रद्धा होती, एवढेच सांगून इतिहासग्रंथ पुढे सरकतात. हे वाक्य खोटे नाही. पण या वाक्यात क्रियापद कुणाचे आहे ते पाहावे. श्रद्धा ही मनाची अवस्था मानली जाते. कुंकू न पुसणे ही रोजची कृती आहे. बावीस वर्षे रोज सकाळी नव्याने करावयाची कृती. मनाच्या अवस्थेबद्दल एकही कागद आपल्यापाशी नसताना इतिहासकार ती ठामपणे सांगतो, आणि जी कृती शंभर डोळ्यांसमोर घडत होती तिला त्या अवस्थेचे केवळ लक्षण ठरवितो. हा क्रम उलटा करून पाहण्याची गरज आहे.

वैधव्य हे अठराव्या शतकातील ब्राह्मण समाजात दुःखाचे नाव नव्हते, ते एका संकेतव्यूहाचे नाव होते. कपाळ, केस, हात, गळा, वस्त्र, पंक्तीतील जागा, सणातील हजेरी या सर्वांतून स्त्रीचा देह एक विधान करीत असे, आणि ते विधान वाचूनच इतरांना तिच्याशी वागावे लागे. हळदीकुंकवाला हिला बोलवायचे की नाही, सवाष्ण म्हणून हिच्या ओटीत नारळ घालायचा की नाही, मुंजीत हिने पुढे यायचे की मागे राहायचे, हे प्रश्न तत्त्वचर्चेचे नव्हते. त्यांची उत्तरे त्या-त्या दिवशी द्यावीच लागत. पार्वतीबाईंनी आपल्या देहावरील विधान बदलले नाही, तेव्हा त्यांनी भोवतालच्या प्रत्येकावर एक वाचन लादले. पेशव्यांच्या वाड्यात त्यांच्या समोर येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला, मनात काहीही असो, भाऊसाहेब जिवंत असल्यासारखे वागावे लागले. श्रद्धेचा हा राजकीय परिणाम कुणी हिशेबात घेत नाही.

याची सर्वांत स्पष्ट खूण कागदावर उमटते ती पत्राच्या मायन्यात. मराठी पत्रलेखनाच्या शिष्टाचारात सधवेला ‘सौभाग्यवती’ किंवा ‘वज्रचुडेमंडित’ आणि विधवेला ‘गंगाभागीरथी’ असे लिहिण्याचा प्रघात होता. तिसरा शब्द नव्हता. पार्वतीबाईंना पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला मजकुराच्या पहिल्या ओळीतच पानिपतचा निकाल लावावा लागत असे. त्याला आडवाट एकच होती : ‘मातुश्री’ किंवा ‘काकू’ असे नुसते नाते लिहून पतीविषयी मौन बाळगायचे. या तीन पर्यायांपैकी कोणता निवडला गेला, यावरून लिहिणारा भाऊंच्या मृत्यूविषयी काय मानतो, निदान काय मानल्याचे दाखवितो, हे कळते. साहित्यशास्त्रात संबोधनाचा विचार पुष्कळ झाला आहे. पण संबोधन करताना संबोध्य व्यक्तीचे अस्तित्वरूपच ठरवावे लागते, अशी परिस्थिती इतक्या नागव्या स्वरूपात अन्यत्र क्वचित आढळेल.

धर्मशास्त्राने अशा प्रसंगाची सोय करून ठेवलेली होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, नंतर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा आणि उत्तरक्रिया करावी, असा विधी आहे. (१८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हीच मुदत सात वर्षांवर आणली, आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही ती तशीच राहिली.) शास्त्राची ही योजना मोठी मार्मिक आहे. प्रेत नसेल तर प्रेताचे चिन्ह बनवा, म्हणजे संहिता पूर्ण होईल. पानिपतानंतरची बारा वर्षे १७७३ मध्ये भरली. त्याच वर्षीच्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पळसाच्या पानांचा विचार करायला कुणाला सवड उरली असेल असे वाटत नाही. पण एवढ्यावर हा योगायोग संपत नाही. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. राघोबांच्या विरोधात एकवटलेल्या कारभाऱ्यांनी १७७४ च्या जानेवारीत त्यांना पुरंदरावर हलविले, तेव्हा सोबत पार्वतीबाईंना पाठविण्यात आले. ग्रँट डफ हे नमूद करताना त्यांना भाऊंची ‘विधवा’ म्हणतो. इंग्रजी वाक्यरचनेत तो प्रश्न एका शब्दात संपतो.

पुरंदरावरील त्या महिन्यांचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. त्या जन्माआधी बारभाईंचे सारे राजकारण एका न जन्मलेल्या जिवावर उभे होते, आणि तो जन्मल्यावरही मूल खरे की बदललेले अशी कुजबुज विरोधकांनी चालू ठेवलीच. अशा वेळी गर्भवतीच्या शेजारी कोण स्त्री आहे हा केवळ सोबतीचा प्रश्न राहत नाही. ती साक्षीदार असते. ज्या घराण्यातील वडीलधारी म्हणून पार्वतीबाईंची ग्वाही मोलाची ठरत होती, त्या घराण्यातील त्यांचे स्वतःचे स्थान मात्र सधवा आणि विधवा यांच्या मध्ये, शास्त्राने न आखलेल्या जागी होते. दुसऱ्या स्त्रीच्या विवाहाचे फळ खरे आहे याची हमी, आपला विवाह संपला नाही असे मानणाऱ्या स्त्रीने द्यायची, अशी ही रचना आहे. कादंबरीकाराने ही कल्पना केली असती तर ती कृत्रिम म्हणून समीक्षकाने नाकारली असती.

दोन वर्षांनी तोतयाचे प्रकरण भडकले. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून उत्तरेत प्रथम प्रकटला तो थोरल्या माधवरावांच्या काळातच. तेव्हा त्याला पकडून किल्ल्यावर कैदेत ठेवण्यात आले होते. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडले आणि कोकणपट्टीत त्याचा अंमल झपाट्याने पसरला. किल्ले उघडले गेले, माणसे मिळाली, बोरघाटाच्या तोंडापर्यंत तो येऊन ठेपला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याला मोडले. समुद्रमार्गे निसटू पाहत असता तो कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात चौकशी झाली, आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. बोरघाटाचा पायथा आणि कुलाबा यांच्या दरम्यानच पेण आहे. पार्वतीबाईंच्या पतीच्या नावाने चाललेली फौज त्यांच्या माहेरच्या मुलखात वावरत होती.

इतिहासग्रंथांत हे प्रकरण नाना फडणिसांच्या कर्तबगारीचा एक अध्याय म्हणून येते, आणि त्या दृष्टीने ते खरेच आहे. पण या चौकशीने नेमके काय सिद्ध केले? समोरचा मनुष्य सदाशिवरावभाऊ नाही, एवढेच. सदाशिवरावभाऊ जिवंत नाहीत, हे तिने सिद्ध केले नाही. ते तिच्या कक्षेतच नव्हते. या दोन विधानांतील फट अतिशय अरुंद आहे, आणि पार्वतीबाईंचे उरलेले आयुष्य त्या फटीतच सामावलेले आहे. तोतयाला जो वाव मिळाला त्याचे एक कारण हेही होते की ज्यांच्या नावाने तो उभा होता त्यांच्या पत्नीने वाड्यात कुंकू लावणे थांबविले नव्हते. दरबाराच्या दृष्टीने हे कुंकू गैरसोयीचे होते. ते तोतयाच्या बाजूचा मूक पुरावा ठरत होते. तरीही कारभाऱ्यांना तोतयाला खोटे ठरविताना त्या कुंकवाला हात लावता आला नाही. १७७४ मध्ये ज्यांनी एक तान्हे मूल खऱ्या रक्ताचे आहे असे सांगितले, त्याच मंडळींनी १७७६ मध्ये एक प्रौढ पुरुष खऱ्या रक्ताचा नाही असे सांगितले. दोन्ही वेळा सत्तेला एका देहाची ओळख ठरवायची होती. दोन्ही वेळा पार्वतीबाई त्या प्रश्नाच्या अगदी निकट होत्या, आणि दोन्ही वेळा त्यांचे शब्द नोंदीत नाहीत.

येथे एका इंग्रजी उदाहरणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कॅथरीन गॉर्डन ही स्कॉटलंडच्या हंटली घराण्याच्या अर्लची कन्या. चौथ्या एडवर्डचा हरवलेला राजपुत्र आपणच आहोत असे सांगणाऱ्या पर्किन वॉरबेकशी स्कॉटलंडच्या राजाच्या पुढाकाराने तिचा विवाह झाला. १४९७ मध्ये दोघे पकडले गेले आणि १४९९ मध्ये पर्किनला फाशी देण्यात आली. सातव्या हेन्रीने कॅथरीनला सन्मानाने राणीच्या परिवारात ठेवले, पण कागदोपत्री ती वॉरबेकची पत्नी म्हणून वावरत नाही. ती पित्याच्या घराण्याच्या नावाने येते. तोतयाशी झालेला विवाह असा दप्तरातून पुसट करण्यात आला, आणि मग तिचे आणखी तीन विवाह झाले. ती १५३७ मध्ये वारली. तिचे हे पुढचे विवाह नोंदीत आले ते अर्थातच मालमत्तेच्या निमित्ताने. आता साहित्य काय करते ते पाहावे. जॉन फोर्डने १६३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नाटकात याच कॅथरीनला मरणोन्मुख पतीशी एकनिष्ठ राहण्याची प्रतिज्ञा करायला लावले. चार विवाह करणारी स्त्री रंगमंचावर अनन्यनिष्ठ विधवा झाली. पतिव्रतेचा आदर्श ही केवळ आपल्याकडची खासियत आहे असे मानणाऱ्यांनी हे नाटक अवश्य वाचावे.

तुलना येथे उपयोगी पडते ती साम्यासाठी नव्हे. कॅथरीनच्या बाबतीत राज्यसत्तेने विवाह पुसला आणि साहित्याने तो परत लिहिला. पार्वतीबाईंच्या बाबतीत राज्यसत्तेला विवाह पुसता आला नाही, आणि साहित्याने मात्र तो आपल्या सोयीच्या भाषेत संपवून टाकला.

ही सोयीची भाषा दोन प्रकारची आहे. पहिलीत पार्वतीबाई भाबड्या आहेत : दुःखाने भ्रमिष्ट झालेली, सत्य न पेलवणारी अभागी स्त्री. दुसरीत त्या पतिव्रता आहेत : निष्ठेच्या बळावर मृत्यूलाही न मानणारी सावित्रीची वारसदार. पहिली दया करते, दुसरी पूजा करते. दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, की भाऊंच्या मृत्यूची गोष्ट इतरांना माहीत होती आणि पार्वतीबाईंना ती कळली नाही. वस्तुस्थिती पाहता १७६१ च्या पुण्यात ती निर्विवादपणे कुणालाच माहीत नव्हती. बखरींतही भाऊंच्या अखेरीभोवती धुके आहे, आणि तोतयामागे हजारो माणसे गेली ती सर्वच भाबडी नव्हती. अनिश्चिततेच्या त्या वातावरणात पार्वतीबाईंची भूमिका इतरांहून अधिक अतार्किक ठरत नाही. त्यांनी पुराव्याचे ओझे उलटविले. मृत्यू सिद्ध करा, मग कुंकू मागा, असा त्यांच्या वर्तनाचा अर्थ लावता येतो. नताली झेमन डेव्हिस यांच्या १९८३ च्या ‘मार्टिन गेर’वरील ग्रंथानंतर असाच वाद झाला होता. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये तोतया पतीला घरात घेणारी बर्ट्रांद फसली होती की जाणूनबुजून त्या नाट्यात सामील होती? डेव्हिस यांनी तिला कर्तेपण दिले. रॉबर्ट फिनले यांनी १९८८ मध्ये त्यावर असा आक्षेप घेतला की पुराव्यात नसलेले कर्तेपण आधुनिक संशोधक स्त्रीवर लादत आहे. आक्षेप गंभीर आहे आणि तो प्रस्तुत मांडणीलाही लागू करता येईल. मात्र एक फरक आहे. बर्ट्रांदचे मन कळण्यासाठी न्यायालयीन कागदांच्या आड शिरावे लागते. पार्वतीबाईंच्या मनात शिरण्याची गरजच नाही. त्यांना खरोखर काय वाटत होते हे बाजूला ठेवूनही त्यांनी काय केले ते उघड आहे, आणि समीक्षेला तेवढे पुरते.

मराठी ललित साहित्याची अडचण येथेच सुरू होते. नाटकाला आणि कादंबरीला मनात शिरावेच लागते. न. चिं. केळकर यांचे ‘तोतयाचे बंड’ हे १९१३ चे नाटक. त्याचे नावच विषय कुठे आहे ते सांगते : बंडात, म्हणजे राज्यकारभाराच्या कसोटीत. त्या वर्षी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि ‘केसरी’च्या वर्तुळातील लेखक परागंदा नेत्याच्या नावाने येणाऱ्या तोतयावर नाटक लिहीत होता, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही. गेलेला नेता परतण्याची आस आणि त्या आशेचा गैरफायदा घेणाऱ्यांचे भय, या दोहोंचे ताण त्या काळच्या प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागले नसतील. पण अशा रचनेत पार्वतीबाईंची वाट पाहणे ही राजकीय कथानकाची भावनिक किनार होऊन राहते.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) रमाबाईंचे सहगमन मराठी घराघरांत नेले. त्या कादंबरीच्या लोकप्रियतेची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांतले एक तांत्रिक आहे. चिता हा कथनाला मिळालेला परिपूर्ण शेवट आहे. विवाह, विरह, मृत्यू आणि अग्नी अशी ती वर्तुळाकार रचना वाचकाला तृप्त करते. पार्वतीबाईंचे आयुष्य अशी तृप्ती देत नाही. त्यात शेवटची घटनाच घडत नाही. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’मध्ये (१९८८) भाऊंच्या व्यक्तिरेखेला मिळालेले वजन हे त्र्यं. शं. शेजवलकरांनी भाऊंची जी बाजू मांडली तिच्या परंपरेतले आहे, आणि ते योग्यही आहे. मात्र युद्धकादंबरीचा पट युद्धाबरोबर आवरतो, आणि पार्वतीबाईंची गोष्ट तर तेथून सुरू होते. २०१९ च्या हिंदी चित्रपटाने त्यांना प्रेमकथेची नायिका केले. प्रेमकथेलाही नायकाच्या मृत्यूनंतरच्या बावीस वर्षांचे काय करायचे ते उमगत नाही.

अपवाद ना. सं. इनामदारांचा. ‘राऊ’नंतर त्यांनी पार्वतीबाईंना कादंबरीच्या केंद्रस्थानी आणले, आणि तिला नाव दिले ‘शिकस्त’. या शीर्षकाचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. फारसीत शिकस्त म्हणजे मोडणे, पराभव. मराठीत हा शब्द त्या अर्थाने आला खरा, पण टिकला तो ‘प्रयत्नांची शिकस्त’ या वाक्प्रयोगात, म्हणजे पराकाष्ठा या अर्थाने. मोडेपर्यंत ताणणे, हा दोन्ही अर्थांना सांधणारा दुवा. पानिपतची शिकस्त आणि पार्वतीबाईंची शिकस्त एकाच शब्दात बसतात, आणि तरीही त्यांची दिशा परस्परविरुद्ध राहते. विषयाच्या निवडीत आणि या नावात इनामदारांनी जे साधले ते कोणत्याही इतिहासग्रंथाला साधलेले नाही. कादंबरीच्या मर्यादा त्यांच्या वैयक्तिक नाहीत, त्या प्रकाराच्या आहेत. ऐतिहासिक कादंबरीचे आपल्याकडे रूढ झालेले रूप पात्राच्या अंतर्मनाला सतत बोलके करते, आणि एकदा अंतर्मन बोलू लागले की त्याला विश्वास आहे की नाही हे सांगावे लागते. ते सांगताच पार्वतीबाई पुन्हा दया किंवा पूजा यांच्या कक्षेत येतात. ज्या स्त्रीने अर्थ मौनातून उभा केला तिला बोलके करणे हे तिच्या बाजूचे वाटले तरी प्रत्यक्षात तिच्या विरुद्ध जाते. येथे निराळ्या कथनतंत्राची गरज होती. वाड्यातील इतरांच्या नजरांतून, त्यांच्या संभ्रमातून, हळदीकुंकवाच्या आमंत्रणांतून आणि पत्रांतून पार्वतीबाई दाखवायच्या, आणि स्वतः त्यांच्या मनात कधीच शिरायचे नाही, अशी कादंबरी मराठीत लिहिली जाणे बाकी आहे.

गोपिकाबाईंशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. गोपिकाबाईंची वाणी शिल्लक आहे. नातवाला, सवाई माधवरावांना, त्यांनी दिनचर्येविषयी केलेला उपदेश प्रसिद्ध आहे आणि त्यातून एक करारी, हिशेबी, शिस्तप्रिय स्त्री बोलते. कादंबरीकारांना त्या सापडल्या त्याचे हे कारण. पार्वतीबाईंनी असा मजकूर मागे ठेवला नाही. त्यांचा लेख त्यांच्या कपाळावर होता, आणि १७८३ मध्ये तो त्यांच्याबरोबर गेला.

त्याचे प्रतिबिंब उरले असेल तर ते इतरांनी त्यांना लिहिलेल्या कागदांत. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो पानिपतच्या पत्रव्यवहाराचा, सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापले. या दोन प्रचंड उद्योगांचे ऋण मानूनही एक गोष्ट नमूद करावी लागते. इतिहाससंशोधकाला पत्रातून हवा असतो तो मजकूर : फौजा, रकमा, तारखा. मायना हा त्याच्या लेखी शिष्टाचार असतो. म्हणून छापील निवडींमध्ये मायना पुष्कळदा संक्षेपाने दिला जातो, किंवा टिंबे देऊन गाळला जातो, आणि जागा वाचते. ‘वज्रचुडेमंडित’ की ‘गंगाभागीरथी’, हा निर्णय ज्या एका शब्दात झालेला असतो तो त्या टिंबांत जातो, आणि खाली तळटिपेत संपादक लिहितो : भाऊसाहेबांची विधवा.